औत सोडा म्हणणारा माणूस

शुक्रवारी सकाळी साडेनऊला माझा फोन वाजतो आणि मी तो मुद्दाम उचलत नाही. पुन्हा वाजतो, तरी उचलत नाही. तिसऱ्यांदा वाजला की मात्र उचलावाच लागतो, कारण हा माणूस कोणतीही गोष्ट तीनदा केल्याशिवाय सोडत नाही. रामराम नाही, तब्येतीची चौकशी नाही. पलीकडून एकच वाक्य येतं.

"आप्पा, डबा निघाला का?"

निघाला, म्हणतो आणि ठेवून देतो. तो नांदेडला लेकीकडं राहायला गेला, त्याला दोन वर्षं होऊन गेली. पण माझ्या शुक्रवारवरचा हक्क काही सोडत नाही.

आमची संस्था मेंढ्या-शेळ्या पाळणाऱ्यांची. ऑफिस वसमतला, हळदीच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर. खाली पोतं आपटलं की जिन्यातून पिवळा धुरळा वर येतो. टेबलं पिवळी, रजिस्टरं पिवळी, भिंतीवरचा देवही पिवळा. या ऑफिसातल्या कॉम्प्युटरांची राखण हा करायचा. आधी हिंगोलीत रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचा, मग आपल्या आपणच हे शिकला. दर सोमवारी तोंडाला फडकं बांधून, सायकलचा पंप घेऊन एकेका मशीनच्या पोटातली हळद फुंकून काढायचा. ती उडालेली हळद बसायची आमच्या अंगावर. तक्रार केली तर म्हणायचा, "तुमाला धुता येतं आप्पा, मशीनला न्हाई."

मी संचालक होतो. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण चाळीस वर्षं मेंढरांमागं डोंगरकड्यापासून औंढ्यापर्यंतचा एकेक दगड तुडवला होता. ऑफिसात बाकीच्यांच्या टेबलावर मशीन आलं आणि माझं टेबल रिकामं राहिलं, तेव्हा मी मीटिंगमध्ये भांडून माझ्यासाठीही घेतलं. बसवायला हाच आला.

"आप्पा, तुमाला याच्यावर काय करायचं हाय?"

"ते मी बघतो. तुमी बसवा."

बसवता बसवता त्यानं मला शिकवायला सुरुवात केली. "हे मशीन तुमचं समजू नका. हा नुसता पोहरा हाय. आड तिकडं, त्या लोखंडी कपाटात. आपण सगळे त्या एकाच आडातून शेंदून राहिलोत. आडातलं गेलं की सगळ्यांचं गेलं."

मी म्हणालो, पाणी वेगळं आणि फोटो वेगळे. माझ्या मोबाईलवर सोयऱ्याच्या लग्नाचा फोटो येतो, मी तो पुसतो. मग सोयऱ्याच्या मोबाईलातला जातो का?

"मोबाईल न्हाई हे, आप्पा."

"मी डोळ्यानं बघतो ते खोटं आन तुमी सांगता ते खरं?"

त्यानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला. मग उठून कपाटाकडं गेला आणि वहीत काहीतरी लिहून आला.

त्या वहीचा सगळ्यांना वैताग होता. कपाटाच्या मुठीला सुतळीनं बांधलेली लांब वही, तिला बांधलेला पेन. दिवसभरात मशीनवर कोणी काय केलं ते ज्यानं त्यानं आपल्या हातानं लिहायचं, पुढं वेळ टाकायची. मशीन नुसतं चालू करून बंद केलं असलं तरी लिहायचं. त्यात खाडाखोड केलेली त्याला खपायची नाही. एकदा मी चुकीची ओळ खोडली, तर त्यानं ती पुन्हा वाचता येईल अशी शेजारी लिहून काढली. वर मलाच म्हणाला, "वरचं पुसायचं न्हाई, आप्पा. चुकलं तर खाली नवीन ओळ लिहायची."

मी म्हणालो, "शाळेत मास्तर बी एवढं करत नव्हता."

"म्हणून तर," म्हणाला आणि गेला. म्हणून तर काय, ते सांगितलं नाही.

तीनचं वेड तर विचारू नका. त्याला चष्मे तीन होते, तिन्हींची एकेक काडी मोडलेली. छत्र्या तीन, एक ऑफिसात, एक घरी, एक औंढ्याला बहिणीकडं. ऑफिसातल्या सगळ्या कागदांची एक नक्कल कपाटातल्या त्या आडात असायची. दुसरी नक्कल एका डिस्कवर घालून, ती डिस्क बहिणीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून, जेवणाच्या स्टीलच्या डब्यात घालून तो दर शुक्रवारी एसटीनं औंढ्याला न्यायचा आणि बहिणीच्या ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवायचा. आधीच्या आठवड्याची डिस्क त्याच डब्यातून परत आणायचा. कंडक्टरनं एकदा विचारलं, "साहेब, आज भाजी कशाची?" तर हा म्हणाला, "सगळ्या ऑफिसाची."

मी विचारलं, "हे कशासाठी?"

"वसमत जळालं तर?"

"वसमत काहून जळंल?"

"जळू नये. पण जळालं तर?"

अशा माणसाशी काय बोलायचं.

पण सगळ्यात मोठी तकलीफ होती ती त्याच्या आरोळीची. आमच्या सुमनताई टायपिंगचं बघायच्या. त्यांना एकदा तहसीलला द्यायचं पत्र सापडेना. हा जिन्यावर चहा पीत होता, मशीनजवळ चहा त्याला चालायचा नाही. तिथूनच ओरडला.

"औत सोडा!"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. आत येऊन त्यानं सगळ्यांचे हात मशीनवरून उचलायला लावले, अध्यक्षांचेसुद्धा. अध्यक्षांचं निम्मं पत्र लिहून झालं होतं. ते म्हणाले, "एवढी ओळ पुरी करू द्या."

"औताचं एक तास बी मारायचं न्हाई."

सगळे जिन्यात. मग त्यानं तिथं उभं राहून समजावलं, लहान लेकरांना सांगावं तसं. "पुसलेली फाईल मरत नसती. सातबाऱ्यावरचं नाव तेवढं खोडलं जातं. वावर तिथंच असतं, पीक बी उभंच असतं. पण मशीनला वाटतं वावर मोकळं झालं, आन ते तिथं दुसरं पेरायला बघतं. कोणी औत घातलं की मग देव बी काढू शकत न्हाई. म्हणून आधी औत सोडायचं."

मी म्हणालो, "परवा आड व्हता, आज वावर झालं?"

"आप्पा, तुमाला समजंल ते धरा."

दोन तास आम्ही जिन्यात बसलो. पत्र शेवटी सुमनताईंनीच दुसऱ्या फोल्डरात ठेवलेलं निघालं, पुसलं गेलंच नव्हतं. माणूस ओशाळला असता. हा म्हणाला, "सोडलं ते बराबरच केलं." असं वर्षातून सात-आठ वेळा व्हायचं. लोक त्याच्या मागं त्याला 'औत सोडा' म्हणूनच ओळखायचे.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती.

आमची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या वाटेनं चरत जातात आणि ठरलेल्या जागी बसतात. त्या जागेला आम्ही तळ म्हणतो. त्यातले काही तळ जंगलाच्या हद्दीत. तिथं चराईचा हक्क मागायचा तर कागद नाहीत, म्हाताऱ्यांचे बोल हाच पुरावा. म्हणून सुमनताई गावोगाव जाऊन आमच्या म्हाताऱ्यांचे आवाज मोबाईलवर भरून आणायच्या आणि त्या आडात टाकायच्या. संक्रांतीला माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, आवाज भरला. होळीच्या आत दादा गेला.

आवाज वाढत चालले तशी शुक्रवारच्या डिस्कमध्ये जागा पुरेना. यानं मोठी डिस्क मागितली. अर्ज केला, अर्थात तीनदा केला. तिसऱ्या अर्जाला मीटिंगमध्ये मीच उठलो. म्हणालो, "एक कपाटात, एक कणगीत, आता आणखी मोठी. या माणसाला तीनाचा नाद हाय. त्याच्यासाठी संस्था न्हाई." सगळे हसले. विषय पुढच्या मीटिंगवर गेला. हा मागं उभा होता. म्हाताऱ्यांचे आवाज तेवढे कणगीबाहेर राहिले.

चराईच्या हक्काच्या सुनावणीला आठ दिवस होते. दुपारी ऑफिसात मी एकटाच होतो. कानाला हेडफोन लावून दादाचा आवाज पहिल्यांदा पुरा ऐकला. दादा तळांची नावं एकामागून एक सांगत होता. मग डोंगरकड्याच्या अलीकडच्या नाल्याजवळचा तळ आला. त्या तळाचं नाव किराळीचा तळ. कापलेल्या ज्वारीला कोवळे फुटवे येतात, ते जनावरानं खाल्ले की जागच्या जागी तडफडून मरतं, त्याला किराळ लागली म्हणतात. आमच्या लहानपणी तिथं आमची मेंढरं अशीच मेली. दादानं ती फुटव्यात घातली आणि त्याबद्दल बापाचा मार खाल्ला, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. ठाऊक होतं, कारण ते मी सांगत आलो होतो. मेंढीची पारख दादाला नाही, मला आहे, हे दाखवायला दर मीटिंगमध्ये तीच गोष्ट काढायचो.

आवाजात दादा हसला आणि म्हणाला, "आता सांगायला काय हरकत. मेंढरं धाकट्यानं घातली. नको म्हणलो व्हतो, पण ऐकंल तर तो धाकटा कसला. मार मी खाल्ला, कारण तो लहान व्हता, बापाचा हात जड व्हता."

दादा माझ्या तोंडावर हे आयुष्यात कधी बोलला नाही.

मी आजूबाजूला बघितलं. कोणी नव्हतं. ते माझ्या टेबलावर, माझ्या मशीनमध्ये नको, एवढंच मनात आलं. बाकीच्यांकडं आहेच की, म्हटलं. एक आवाज कसा काढायचा ते जमेना, म्हणून तळांच्या सबंध फोल्डरवर बोट ठेवलं आणि पुसायचं बटण दाबलं. नक्की का, असं मशीननं विचारलं. नक्की म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनताई त्याला म्हणाल्या, "सर, तळांचा फोल्डर दिसून न्हाई राहिला. कोणाच्याच मशीनवर न्हाई."

"औत सोडा!"

सगळे जिन्यात. वही फिरली. प्रत्येकानं कालचं लिहिलं. माझ्याकडं आली तेव्हा मी लिहिलं, 'काही केलं नाही.' वेळ टाकली नाही. त्यानं ती ओळ वाचली, माझ्याकडं बघितलं नाही. एकेका मशीनची केराची टोपली उघडून बघितली, सगळ्या रिकाम्या. "आडातलं पुसलं की पोहऱ्याच्या केरात पडत न्हाई," असं स्वतःशीच म्हणाला. मग कपाटातल्या डिस्कला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं, दुसऱ्या टोकाला कान लावला आणि डॉक्टरासारखा ऐकत बसला.

बाहेर येऊन म्हणाला, "दोनच गोष्टी असू शकतात. कोणाच्या हातानं पुसलं असंल तर मी इथंच काढतो, दोन दिवसात. हातानं गेलं नसंल तर डिस्क आजारी हाय. मग तिला मी चालू बी करणार न्हाई, पुण्याला नेऊन उघडावी लागंल. महिना लागंल. हात कोणाचा हाय का?"

कोणी बोललं नाही. मीही बोललो नाही.

"मग पुण्याला," म्हणाला. डिस्क काढली, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली, डब्यात ठेवली आणि जिना उतरून गेला.

महिन्यानं म्हणजे सुनावणी होऊन गेल्यावर. सुमनताई जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "आप्पा, तुमच्या दादाचा आवाज बी व्हता त्यात."

"तुझ्या मोबाईलात हायच की."

"आडात टाकला की पुसून टाकायची मी. मोबाईल भरायचा ना, आप्पा. आडात असल्यावर कुठं जातंय, म्हणलं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दादाचा आवाज जगात आणखी कुठंच नव्हता. होता तो त्या डब्यात.

स्टँडवर पोचलो तेव्हा तो बाकावर बसला होता, डबा मांडीवर, दोन्ही हात डब्यावर. पुण्याची रेल्वे धरायला परभणीला जायचं, ती गाडी अजून लागायची होती. मी शेजारी बसलो. थोडा वेळ गाड्यांच्या पाट्या वाचल्या.

"ते मी पुसलं," म्हणालो.

मला वाटलं होतं, ओरडंल. चार माणसांत ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही ओरडलो असतो. तो म्हणाला, "किती वाजता?"

"दुपारी. तीनच्या सुमाराला."

"त्याच्यानंतर मशीनवर काय केलंत?"

"काय करणार. घरी गेलो."

"बराबर केलं," म्हणाला आणि उठला. माझ्या जन्मात त्यानं मला बराबर म्हटलं ते एवढंच. वाटेत कशासाठी पुसलं ते विचारंल म्हणून मी उत्तर जुळवत चाललो होतो. त्यानं विचारलंच नाही. ऑफिसात शिरल्यावर डबा खाली ठेवायच्या आधी सुतळीला बांधलेली वही माझ्यापुढं ओढली.

"आधी हे लिहा."

"सांगितलं ना तुमाला."

"मला सांगितलं. वहीला न्हाई."

वरची ओळ खोडायला हात गेला, त्यानं हात धरला. मी खाली नवी ओळ लिहिली, 'पुसलं मी. दुपारी तीन.' सुमनताईंनी वाचली. बाकीच्यांनीही वाचली असणार, वही उघडीच असते.

आता काढायचं तर काढलेलं ठेवायला दुसरी मोठी डिस्क पाहिजे. "ज्या वावरातलं पीक वाचवायचं, त्याच वावरात खळं घालता येत न्हाई," म्हणाला. ती मोठी डिस्क मीच नाकारलेली. मी खाली बघत होतो. तो घरी जाऊन आपली डिस्क घेऊन आला. तीत लेकीच्या लग्नाचं शूटिंग होतं. आमच्यासमोर त्यानं ते पुसलं आणि डिस्क रिकामी केली.

सुमनताई म्हणाल्या, "अहो सर, लेकीचं लग्न."

"तीन ठिकाणी हाय," म्हणाला. "आता दोन ठिकाणी राहिलं."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मशीन चरत राहिलं, आणि आवाज वर आले. सगळे आले. पण नावं नव्हती. नुसते आकडे, एक, दोन, तीन. "नाव खोडलेलंच असतं, मी म्हणलो व्हतो," त्यानं सांगितलं. "कोणता आवाज कोणाचा आन कोणत्या तळाचा, हे आता ऐकून ठरवावं लागंल. ते मला न्हाई येत. सुमनताईला बी सगळे न्हाई ओळखू येणार. आप्पा, बसा."

तीन दिवस बसलो. एकेक म्हातारा कानात बोलत होता, मी तळ ओळखत होतो आणि एका बोटानं नाव लिहीत होतो. बोलणाऱ्यांपैकी चौघं तोवर गेलेले होते. तो माझ्या मागं पाठ करून बसायचा, पंपानं हळद फुंकत. प्रत्येक नावानंतर त्याचा तोच प्रश्न, "सेव्ह केलं का?" तिसऱ्या दिवशी दुपारी मी म्हणालो, आता पुन्हा विचारलं तर तो पंप खिडकीतून टाकीन. त्यानं पुढच्या नावानंतरही विचारलं.

दादाचा तो आवाज शेवटाकडं निघाला. पुरा ऐकला, पुन्हा एकदा ऐकला. मागचा पंप थांबला होता.

"नाव सुचंना का?" त्यानं पाठमोऱ्यानंच विचारलं.

'किराळीचा तळ' एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. मग पुढं लिहिलं, 'मेंढरं धाकट्यानं घातली.' बोटाला अक्षरं सापडेनात, बराच वेळ गेला.

"सेव्ह केलं का?"

"केलं."

सुनावणी हिंगोलीला झाली. साहेबांनी बरेच आवाज ऐकले. किराळीच्या तळाशी आल्यावर दुसऱ्यांदा लावायला सांगितला. दादा हसला, तेव्हा मागं बसलेले आमचे लोक मान वळवून माझ्याकडं बघायला लागले. त्यातल्या निम्म्यांना मी ती गोष्ट उलटी सांगितलेली होती.

साहेब म्हणाले, "यांच्या सांगण्यावरून हा तळ साठेक वर्षांपूर्वी होता असं दिसतं. पण सांगणारे हयात नाहीत. त्या दिवशी तिथं असलेलं दुसरं कोणी आहे का? हे धाकटा म्हणतात तो कोण?"

सुमनताईंनी माझ्याकडं बघितलं नाही, हे मला अजून आठवतं.

मी उठलो. "मी हाय. मेंढरं मीच घातली."

साहेबांनी माझं म्हणणं लिहून घेतलं, सही घेतली. नाल्याजवळचा तळ कागदावर आला. बाहेर आलो. माझ्या बरोबरीचे दोघं तंबाखू मळत दुसरीकडं बघत होते. मी चपला शोधत होतो.

तेवढ्यात हा आला. बगलेत ती लांब वही, सुतळीसकट. वसमतहून हिंगोलीपर्यंत ती घेऊन आला होता.

"आप्पा, आज काय केलं ते लिहा."

"अरे, इथं कुठं मशीन हाय?"

"लिहा."

भांडायचं त्राण नव्हतं. पायरीवर बसलो, वही गुडघ्यावर घेतली आणि लिहिलं, 'उभा राहिलो.' त्याच्या हातात दिली. त्यानं वाचलं. चष्मा वर केला, पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता तरी माणसासारखं काही बोलंल.

"वेळ टाका," म्हणाला.

मी वेळ टाकली.